रीसेट करण्याआधी तुटले कुठे ते पाहा

मा. संपादक महोदय,

लॅपटॉपचे नेट सारखे जात असेल तर काय करावे, हे सांगणारा मजकूर आपल्या तंत्रज्ञानाच्या पानावर अधूनमधून येतो आणि मी तो आवर्जून वाचते. राउटर बंद करून चालू करा, वायफाय ‘फरगेट’ करून पुन्हा जोडा, ड्रायव्हर (उपकरण चालवणारे सॉफ्टवेअर) नवा टाका, नेटवर्क रीसेट करा, आणि काहीच जमले नाही तर विंडोज नव्याने टाका. यातला एकही उपाय खोटा नाही. माझी हरकत आहे ती सुरुवातीला. यादी थेट उपायांपासून सुरू होते. तुटते आहे कुठे, हे आधी शोधायला कुणी सांगतच नाही.

मी टेलिफोन केंद्राच्या टेस्ट डेस्कवर नोकरी केली. फोन बंद असल्याची तक्रार आली की एमडीएफ नावाच्या मोठ्या चौकटीवर ती लाइन उघडायची. उघडली की तिचे दोन भाग होतात: एकीकडे केंद्रातली यंत्रे, दुसरीकडे ग्राहकाच्या घरापर्यंत गेलेली तारांची जोडी. दोन्ही भाग वेगवेगळे तपासायचे, दोष कुठल्या बाजूला आहे ते नोंदवहीत लिहायचे आणि मगच लाइनमनला निरोप द्यायचा. आधी माणूस खांबावर चढवला आणि मग विचार केला, तर वरिष्ठांची बोलणी खावी लागत. निवृत्तीनंतर नात्यातले, ओळखीतले लोक लॅपटॉप घेऊन माझ्याकडे येऊ लागले, तेव्हा मी हीच पद्धत धरली आणि ती उपयोगी पडत आली आहे. म्हणून हे पत्र. जरा लांबले तरी छापावे, ही विनंती.

लॅपटॉपपासून एखाद्या संकेतस्थळापर्यंतच्या वाटेचे सरळ दोन टप्पे पडतात. पहिला लॅपटॉप ते राउटर, बहुधा हवेतून. दुसरा राउटरपासून बाहेर: फायबर किंवा केबल, सेवा देणाऱ्या कंपनीचे जाळे आणि त्यापलीकडचे सगळे. याशिवाय डीएनएस असते, संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आकडी पत्ता शोधून देणारी व्यवस्था. यातले काहीही अडले तरी माणसाला दिसते ते एकच, गोल गोल फिरणारे चाक.

पडद्याच्या कोपऱ्यातल्या चिन्हावरही विसंबू नये. त्या वायफायच्या पट्ट्या फक्त पहिल्या टप्प्यातल्या सिग्नलची ताकद दाखवतात. राउटरमध्ये येणारी बाहेरची केबल उपटून ठेवली तरी ती ताकद तेवढीच राहते. विंडोज ‘नो इंटरनेट’ म्हणते तेव्हा त्याने मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवरची एक छोटी मजकूर फाइल मागवलेली असते आणि ती आलेली नसते, एवढाच त्याचा अर्थ. व्हीपीएनने (नेटची वाहतूक दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणाऱ्या सोयीने) किंवा फायरवॉलने (वाहतूक गाळणाऱ्या पहारेकऱ्याने) ती चाचणी अडवली, तर बाकी नेट सुरळीत असूनही चिन्ह ‘बंद’ दाखवते. असे चिन्ह पाहून घाबरलेले आणि लगेच सेटिंग बदलायला बसलेले कितीतरी लोक मी पाहिले आहेत.

त्यापेक्षा पिंग वापरावे. अमेरिकी लष्कराच्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीत काम करणाऱ्या माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये हा छोटा प्रोग्राम लिहिला, तो त्रास देणाऱ्या एका नेटवर्कमधला दोष शोधण्यासाठीच. नाव ठेवले सोनारच्या, म्हणजे पाण्याखाली आवाज सोडून प्रतिध्वनीवरून वस्तू शोधणाऱ्या यंत्राच्या, आवाजावरून. हाक मारायची आणि ओ यायला किती वेळ लागला ते मोजायचे, एवढेच त्याचे काम. विंडोज, मॅक, लिनक्स, सगळीकडे तो आधीपासून असतो. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे आज्ञा टंकायची विंडो, उघडून ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा द्यावी. ‘डिफॉल्ट गेटवे’पुढे जो आकडा येतो, बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारा, तो आपल्या राउटरचा पत्ता. मग कमांड प्रॉम्प्टच्या दोन विंडो शेजारी शेजारी उघडाव्यात. एकीत राउटरला सतत पिंग, दुसरीत बाहेरच्या एखाद्या भरवशाच्या पत्त्याला, उदाहरणार्थ १.१.१.१ किंवा ८.८.८.८. विंडोजमध्ये ते चार हाकांनंतर थांबते, म्हणून आज्ञेत उणे-टी जोडावे लागते. मॅकवर आपण थांबवेपर्यंत चालूच राहते. एवढे करून नेहमीच्या कामाला लागावे.

नेट जाईल तेव्हा कशालाही हात न लावता फक्त दोन्ही विंडो पाहायच्या. दोन्ही एकदम थांबल्या, तर दोष लॅपटॉप आणि राउटर यांच्या दरम्यान आहे किंवा राउटरच गोठला आहे. राउटरची विंडो चालू आणि बाहेरची थांबलेली, तर लॅपटॉप निर्दोष आहे. त्याला अजिबात छळू नये. दोन्ही चालू असून पान उघडत नसेल, तर वाट मोकळी आहे, अडचण नाव शोधण्यात किंवा लॅपटॉपमधल्या एखाद्या प्रोग्राममध्ये आहे. ‘आयपीकॉन्फिग’मध्ये लॅपटॉपचा स्वतःचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होताना दिसला, तर त्याने राउटरकडे पत्ता मागितला आणि उत्तर आले नाही. हेही पहिल्याच टप्प्याचे लक्षण.

जोडीला अदलाबदल करून पाहावी. त्याच जागी, त्याच वायफायवर फोन नीट चालतो का? लॅपटॉप फोनच्या हॉटस्पॉटवर नीट चालतो का? लॅपटॉपला केबल लावली तर? एका वेळी एकच गोष्ट बदलायची. हे मी हात जोडून सांगते, कारण घाईत लोक एका दमात चार गोष्टी बदलतात, नेट सुरू होते, आणि काही दिवसांनी पुन्हा गेले की कशाने सुरू झाले होते ते कुणालाच सांगता येत नाही.

ओळखीतल्या एका छायाचित्रकारांची हकीकत सांगते. त्यांच्या लॅपटॉपचे वायफाय दिवसभर ठीक असायचे आणि नेमके काम पाठवायच्या वेळी कोलमडायचे. दुरुस्तीवाल्याने वायफाय कार्ड बदलले, नंतर विंडोज नव्याने टाकले. “ताई, नवं कार्ड टाकलं, नवं विंडोज टाकलं, तरी तेच,” असे म्हणत ते माझ्याकडे आले तेव्हा नवा लॅपटॉप घ्यायच्या बेतात होते. आम्ही दोन विंडो लावून बसलो. सगळे सुरळीत. त्यांनी सवयीने एक्स्टर्नल हार्ड डिस्क जोडली आणि फोटो कॉपी करायला घेतले. राउटरच्या पिंगची उत्तरे आधी लांबली, मग बंद झाली. डिस्क काढली, उत्तरे परत आली. पुन्हा जोडली, पुन्हा तेच. शेजारी ठेवलेला त्यांचा फोन त्याच वायफायवर व्यवस्थित चालू होता.

हा दोष कार्डाचा नव्हता आणि विंडोजचाही नव्हता. यूएसबी ३.० चे पोर्ट, त्याची केबल आणि त्यावरची उपकरणे काम करताना २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात रेडिओ गोंगाट करतात. इंटेलने २०१२ मध्येच यावर सविस्तर टिपण प्रसिद्ध केले आहे. वायफायचा जुना पट्टा हाच, ब्लूटूथ आणि बिनतारी माउसचाही हाच. डिस्क लॅपटॉपच्या अँटेनाजवळ असली की राउटरचा क्षीण सिग्नल त्या गोंगाटात बुडतो. चांगल्या प्रतीची, जरा लांब केबल घेऊन डिस्क दूर ठेवली आणि वायफाय ५ गिगाहर्ट्झवर नेले, त्रास संपला. त्या माणसाने विनाकारण सोसलेला मनस्ताप आठवला की मला आजही वाईट वाटते. डिस्क लावल्यावरच नेट जाते का, एवढे त्यांना पहिल्या दिवशी कुणी विचारायला हवे होते.

पहिल्या टप्प्यावर मी जास्त लिहिते आहे, कारण तिथले दोष डोळ्यांना दिसत नाहीत आणि लोक सर्वांत जास्त तिथेच चकतात. लॅपटॉपचे अँटेना बहुतेकदा पडद्याच्या चौकटीत बसवलेले असतात. त्यांच्या केसासारख्या तारा बिजागरीतून खाली येऊन वायफाय कार्डाला इवल्याशा गोल कनेक्टरने जोडलेल्या असतात. पडदा बदलताना किंवा कीबोर्ड काढताना त्यातली एक नीट बसली नाही, तरी कार्ड चालू दिसते आणि रेंज मात्र मार खाते. परीक्षेची तयारी करणाऱ्या एका मुलीच्या लॅपटॉपचे नेट पडदा मागे झुकवला की जायचे आणि सरळ केला की यायचे. असे लक्षण कुठल्याही सॉफ्टवेअरने बरे होणार नाही. जिथे पडदा बदलून घेतला तिथेच, हे लक्षण शब्दशः सांगून, लॅपटॉप परत द्यावा.

चार्जर लावला की नेट सुधारते आणि बॅटरीवर बिघडते, असे असेल तर वीज वाचवण्याच्या सेटिंगकडे पाहावे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफाय अडॅप्टरच्या गुणधर्मांत ‘वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू द्यावे’ या अर्थाची एक खूण असते, ती काढून पाहावी. अनेक नव्या लॅपटॉपमध्ये ही खूण सापडतच नाही, तिथे पॉवर मोड बदलून फरक पडतो का ते पाहावे. झोपेतून उठवल्यावरच नेट येत नसेल, तर संशय आधी ड्रायव्हरवर घ्यावा.

सिग्नल मोजायचा तर पट्ट्यांपेक्षा डीबीएम हे माप बघावे. मॅकवर ऑप्शनची कळ दाबून वायफायच्या चिन्हावर क्लिक केले की ते दिसते. आकडा उणे असतो. उणे ५० उत्तम, उणे ६७ च्या आसपास व्हिडिओ कॉल नीट चालतो, उणे ८० ला सगळे रडतखडत. हा आकडा दर ३ डेसिबलने घसरला की ताकद निम्मी होते, म्हणून हातभर जागा बदलून किंवा राउटर लोखंडी कपाटाच्या मागून काढून पडणारा फरक वाटतो त्याहून मोठा असतो.

सिग्नल उत्तम, तरी राउटरचे पिंग एकदम एक-दोन मिलिसेकंदांवरून शेकड्यांत उडत असेल, तर हवेत गर्दी आहे असे समजावे. २.४ गिगाहर्ट्झच्या वाहिन्या, म्हणजे चॅनेल, एकमेकांपासून ५ मेगाहर्ट्झवर आहेत आणि वायफायला जागा लागते सुमारे २० मेगाहर्ट्झ. त्यामुळे एकमेकांना न चिकटणाऱ्या अशा १, ६ आणि ११ याच उरतात. शेजाऱ्यांपासून वेगळे व्हायचे म्हणून कुणी ३ किंवा ४ निवडतो आणि दोन्हीकडचा गोंगाट अंगावर घेतो. मायक्रोवेव्ह ओव्हनही २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो. तो चालू असतानाच कॉल तुटत असेल तर गणित सुटले. ५ गिगाहर्ट्झवर गर्दी कमी, पण भिंती तो सिग्नल जास्त खातात. त्यातल्या काही वाहिन्या रडारसाठीही वापरल्या जातात. राउटरला रडारची चाहूल लागली की नियमाप्रमाणे ती वाहिनी तत्काळ सोडावी लागते, आणि तशाच दुसऱ्या वाहिनीवर जायचे तर आधी किमान मिनिटभर कान देऊन ऐकावे लागते. घरातल्या सगळ्या उपकरणांचे वायफाय एकदम, अवचित, थोड्या वेळासाठी जाऊन आपोआप येत असेल, तर राउटरमध्ये ३६ ते ४८ मधली वाहिनी ठरवून द्यावी; तिथे ही अट बहुतेक ठिकाणी नसते.

दुसऱ्या टप्प्याचे थोडक्यात. फायबरच्या डब्यावर ‘लॉस’चा लाल दिवा लागला, तर प्रकाशच पोहोचत नाही, लॅपटॉपशी झटून काही होणार नाही. फायबर कुठे दुमडली, चेपली नाही ना ते पाहून तक्रार नोंदवावी. दिवा हिरवाच, पण बाहेरचे पिंग अधूनमधून गळते, अशा वेळी वेळा लिहून ठेवाव्यात. तारीख, नेट गेल्याची वेळ, आल्याची वेळ, राउटरचे पिंग चालू होते की नाही. असा कागद समोर असला की हेल्पलाइनवरच्या माणसाला ‘राउटर रीस्टार्ट करा’ यापुढे जावेच लागते. आणखी एक, फार भेटणारे दुखणे: घरातला एखादा फोन गुपचूप फोटोंचा बॅकअप पाठवत असतो, बाहेर जाणारी वाट तुंबते, रांग राउटरच्या स्मृतीत साचते आणि बाहेरचे पिंग वीस मिलिसेकंदांवरून कित्येक शेकड्यांवर जाते. संगणकतज्ज्ञ जिम गेटिस यांनी २०१० च्या सुमारास या प्रकाराकडे लक्ष वेधले आणि ‘बफरब्लोट’ हे नाव रूढ झाले. बॅकअप थांबवून पाहिला की लगेच कळते. ट्रेसराउट, म्हणजे वाटेतल्या थांब्यांची यादी काढणारी आज्ञा, वापरणाऱ्यांना एक सूचना: मधल्या एखाद्या थांब्याने उत्तर दिले नाही म्हणून तिथे बिघाड आहे असे धरू नये. पुढचे थांबे उत्तर देत असतील तर मधल्याने फक्त गप्प राहायचे ठरवले आहे.

दोन्ही पिंग चालू आणि पाने बंद, अशा वेळी दुसरा डीएनएस देऊन पाहावा, व्हीपीएन आणि प्रॉक्सी (मध्यस्थ सर्व्हरमार्गे जाण्याची सोय) बंद करून पाहावेत. आणि लॅपटॉपचे घड्याळ पाहावे. तारीख चुकली असेल तर सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रे लॅपटॉपला मुदतबाह्य किंवा अजून लागू न झालेली वाटतात आणि तो ती पाने उघडायला नकार देतो. जुन्या लॅपटॉपमधली घड्याळाची छोटी बॅटरी संपली की हे हमखास होते, आणि लोक राउटरला दोष देत बसतात.

आता रीसेटबद्दल. विंडोजमधले ‘नेटवर्क रीसेट’ सगळे नेटवर्क अडॅप्टर काढून पुन्हा बसवते आणि वायफायचे साठवलेले पासवर्ड पुसते. व्हीपीएनची जुळणीही पुन्हा करावी लागू शकते. कधीकधी ते करावेच लागते, मान्य आहे. पण त्याआधी लॅपटॉपमधला पुरावा पाहावा. विंडोज १० पासून वायफायच्या गेल्या तीन दिवसांचा अहवाल काढता येतो, कधी जोडले, कधी तुटले, तुटण्याचे कारण काय, सगळे आलेखासह. लॅपटॉप स्वतः सगळे टिपून ठेवत असताना त्याला एक शब्द न विचारता पाटी कोरी करणे मला अन्यायाचे वाटते, आणि तो अन्याय लॅपटॉपवर कमी, वापरणाऱ्यावर जास्त होतो.

कारण या सगळ्यात सर्वांत जास्त काय तुटते, तर माणसाचा धीर. माझ्या वयाच्या बायका मला म्हणतात, “मला यातलं काही कळत नाही, मीच काहीतरी दाबलं असेन.” मुलाखत मध्येच तुटलेला मुलगा म्हणतो, “माझा लॅपटॉपच भंगार आहे.” दोघांनाही मी पहिल्यांदा त्या दोन विंडो लावून देते. राउटरची विंडो चालू आणि बाहेरची थांबलेली दिसली की चेहऱ्यावरचा अपराधीपणा गळून पडताना मी पाहिला आहे. दोष आपल्या हातात नाही हे कळणे, किंवा आपल्या हातात आहे आणि अमुक ठिकाणी आहे हे कळणे, दोन्हींनी माणूस सावरतो.

म्हणून माझी आपणाला एक ठोस विनंती आहे. नेट गेलेले असते तेव्हा नेटवर उपाय शोधता येत नाही. छापील वर्तमानपत्र मात्र हाताशी असते. आपल्या तंत्रज्ञानाच्या पानावर कापून ठेवता येईल अशी एक चौकट द्यावी. तिच्यात उपायांच्या आधी तपासणी असावी: दोन पिंग, फोनवर तपासणी, हॉटस्पॉटवर तपासणी, केबलवर तपासणी, आणि प्रत्येकाच्या निकालानुसार पुढे कुठे पाहायचे. पिंगची, आयपीकॉन्फिगची आणि वायफाय अहवालाची आज्ञा कीबोर्डवर जशी टंकायची तशीच, मधल्या मोकळ्या जागांसह, ठळक टाइपात छापावी. अशा आज्ञा उच्चारावरून टंकताना ज्येष्ठ वाचकांची फार तारांबळ होते. नेट गेल्याची आणि आल्याची वेळ लिहायला खाली चार-पाच रिकाम्या ओळी सोडाव्यात. मजकूर तपासून द्यायला माझी मदत लागली तर मी आनंदाने करीन.

कळावे.

आपली,
टेस्ट डेस्कवरून निवृत्त झालेली एक नियमित वाचक